बिनमिठाचा खड्डा

हेमराज वायरमन खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. आयटीआयचं प्रमाणपत्र त्याने काच लावून घरात टांगलं होतं, तारेचा जोड कधी उघडा सोडला नव्हता, आणि अर्थिंगच्या बाबतीत तर तो इतका काटेकोर होता की गिऱ्हाइकं त्याला वैतागत. असा हा माणूस फेब्रुवारीतल्या एका सकाळी, इस्तारीभाऊंच्या पडवीत, चहाचा कप हातात असताना धडधडीत खोटं बोलला, आणि तेही नेमकं अर्थिंगबद्दलच. त्या एका वाक्यापायी पुढे अख्ख्या खैरबोडीची जमीन उकरली गेली, म्हणून तो ते का बोलला हे आधी सांगून टाकलेलं बरं.

खैरबोडी हे चिमूरच्या पुढचं, तलावाच्या पाळीखालचं, म्हणजे बांधाखालचं गाव. इस्तारीभाऊ तिथल्या मच्छीमार सोसायटीतले जुने, कमी बोलणारे ढीवर. उन्हाळ्यात पहाटे धरलेले मासे दुपारपर्यंत टिकत नाहीत, म्हणून सोसायटीने यंदा एक डीप फ्रीजर घेतला आणि तो भाऊंच्या पडवीत ठेवायचं ठरलं. पडवी ऐसपैस होती आणि भाऊंच्या शब्दावर गावाचा भरवसा होता. आता खैरबोडीचं व्होल्टेज म्हणजे लहरी जावई. कधी इतकं पडतं की बल्ब नुसता लालसर दिसतो, कधी असं चढतं की पंखा आढ्यातून निघून तलावावर जाईल असं वाटतं. म्हणून फ्रीजरच्या सोबतीला स्टेबलायझर आला. तेलाच्या डब्याएवढी करडी पेटी, आत ट्रान्सफॉर्मर, दर्शनी बाजूला काटा आणि त्याखाली आयएसआयचा शिक्का. हे सगळं बसवायला शेजारच्या गावचा हेमराज आला.

काम तसं थोडंच होतं. या घराची अर्थिंग त्यानेच गेल्या वर्षी केली होती, घरामागे मीटरजवळ, कोळसा आणि मीठ घालून, एकदम रीतसर. पेटीतला ट्रान्सफॉर्मर कारखान्यातच पेटीच्या पत्र्याला जोडून येतो. पत्रा जोडलेला असतो प्लगच्या जाड पिनेला, जाड पिन भिंतीतल्या हिरव्या तारेला, आणि हिरवी तार जाते घरामागच्या खड्ड्यात. शिक्का असलेल्या पेटीच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरसाठी निराळी अर्थिंग करावी लागत नाही. हा नियम हेमराजला झोपेतून उठवून विचारला असता तरी त्याने सांगितला असता. त्याने प्लग खोचला, काटा जागेवर आला, फ्रीजर गुरगुरायला लागला आणि काम संपलं.

तेवढ्यात रोशनी चहा घेऊन बाहेर आली.

रोशनी ही इस्तारीभाऊंची एकुलती एक मुलगी. चिमूरच्या कॉलेजातून बीए झालेली, सोसायटीचं लिहिण्यावाचण्याचं सगळं काम पाहणारी, आणि पहाटे बापासोबत डोंग्यात बसून जाळं टाकायलाही जाणारी. गेल्या वर्षी घरामागचा खड्डा खणताना हेमराजने तिला पहिल्यांदा पाहिलं होतं. तेव्हापासून कोणी खैरबोडीचं नाव काढलं की त्याला निष्कारण खोकला यायचा.

तिने कप पुढे केला आणि काम झालं का, वायरमनभाऊ, असं विचारलं. इकडे शेंबड्या पोरापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना भाऊच म्हणतात, हे हेमराजला पक्कं ठाऊक होतं. तरी तिच्या तोंडून तो शब्द आला की त्याचा जीव खालीवर व्हायचा. पण आज त्याहून मोठी पंचाईत उभी होती. काम झालं असं म्हटलं की परत यायला कारण उरत नव्हतं. लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या घरात बाहेरगावचा तरणा गडी उगाच पाय ठेवू शकत नाही. ठेवला तर दोन दिवसांत हातपंपावर त्याचीच चर्चा. काहीतरी काम हवं. हेमराजचं डोकं हे सगळं जुळवतच होतं, तोवर तोंड बोलून मोकळं झालं.

“नाई ना. पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरले अलग अर्थिंग लागते. खड्डा खना लागन.”

इस्तारीभाऊ कोपऱ्यात जाळं शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि दुकानदार तर म्हणत होता पेटी आयएसआयची आहे, हिला वरून काही लागत नाही, असं सावकाश सांगितलं.

“पेटी आयएसआयची आहे, भाऊ,” हेमराज म्हणाला. “जमीन थोडीच आयएसआयची आहे?”

भाऊंनी दोन क्षण जमिनीकडे पाहिलं, तिच्यावर शिक्का दिसतो का ते बघितलं असावं, आणि खण म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हेमराज पहार, फावडं, पाइप, कोळशाचं पोतं आणि खड्या मिठाची थैली मोटारसायकलला बांधून हजर झाला. जागा त्याने मोठ्या अभ्यासाने निवडली. जमिनीचा ओलावा, घरापासूनचं अंतर वगैरे तो रोशनीच्या आईला, ताराबाईंना, बराच वेळ सांगत होता. खरी गोष्ट एवढीच की अंगणातल्या त्या एका जागेवरून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसत होतं. कंबरेइतकं खोल खणून त्याने पाइप उभा केला, कोळसा टाकला आणि आता मीठ काढणार तोच रोशनी दारात येऊन उभी राहिली. जमिनीला मीठ कशाला, हा तिचा प्रश्न. झालं. हेमराजला बोलायला विषय मिळाला. मीठ ओल धरून ठेवतं, ओल असली की करंट जमिनीत सुरळीत उतरतो, सगळं तो हातवारे करून सांगत गेला. ती म्हणाली, म्हणजे जमिनीलाही आळणी चालत नाही म्हणायचं, आणि हसली. हेमराजही हसला. त्या हसण्याच्या भरात त्याने भराभरा माती लोटली, वरून धुमसाने ठोकली आणि शीळ घालत घरी गेला.

मिठाची थैली मोटारसायकलवरच राहिली होती. घरी गेल्यावर त्याच्या आईने ती पाहिली आणि पोराला कधी नव्हे ते घरातलं काही सुचलं म्हणून ती हरखली. कैऱ्या निघाल्या की लोणच्याला होईल, असं म्हणून तिने थैली उचलून बरणीत रिकामी केली. हेमराजने क्षणभर डोकं खाजवलं. मग त्याला वाटलं, खड्डाच लागत नव्हता तर त्यातलं मीठ तरी कुठे लागतंय, आणि तो विसरूनही गेला.

आता खड्डा म्हटला की उन्हाळ्यात त्याला पाणी लागतं, नाहीतर माती सुकून अर्थिंग कामातून जाते. हे खरं आहे, आणि सगळा बेत याच खऱ्यावर उभा होता. रोज सकाळी दोन बादल्या, हेमराजने सांगितलं. ताराबाई म्हणाल्या, एवढंच ना, मी टाकत जाईन. हेमराजच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्या दिवसांत त्याची बुद्धी भलतीच तेज चालायची. पाणी टाकायचीही पद्धत असते, वाकडंतिकडं पडलं तर करंट आडवा जातो, हे लायसनवाल्याचं काम आहे, मी येत जाईन रोज, असं त्याने अतिशय गंभीर चेहऱ्याने सांगितलं. ताराबाईंना ते पटलं. धरतीमाय बिचारी एवढा करंट पोटात घेते, तर तिला नीट पाणी मिळालं पाहिजे, असं त्यांचं मत पडलं, आणि त्यांनी खड्ड्यावर हळदकुंकूही वाहिलं.

पुढचे दिवस म्हणजे नुसती चैन. उजाडलं की हेमराज अंघोळ करून, केसांना तेल लावून, इस्त्रीच्या शर्टात खड्ड्याला पाणी घालायला निघायचा. दोन बादल्या टाकायला एखाद्याला किती वेळ लागावा? हेमराज त्यात चहा संपेपर्यंत रमायचा. रोशनी कधी जाळं वाळत घालायला बाहेर यायची, कधी फ्रीजर उघडायच्या निमित्ताने. एकदा तिने सहज विचारलं की खड्ड्यात मीठ टाकलं होतं ना. भरपूर, हेमराज म्हणाला. तिने मान डोलावली आणि आत गेली.

पण गाव म्हणजे गाव. इस्तारीभाऊंसारख्या विचारी माणसाने आतल्या ट्रान्सफॉर्मरसाठी वेगळा खड्डा केला आणि लायसनवाला माणूस रोज येऊन त्याला पाणी घालतो, ही बातमी पाळीवरून फिरत फिरत सगळ्या घरांत गेली. पहिला आला मुखरू. त्याच्या टीव्हीच्या पेटीतही ट्रान्सफॉर्मर आहे असं त्याला भाच्याने सांगितलं होतं. हेमराज म्हणाला, तुमच्या टीव्हीला गरज नाही. मुखरूने विचारलं, इस्तारीच्या पेटीला गरज आणि माझ्या टीव्हीला नाही, असं काऊन? यावर खरं सांगता येत नव्हतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं. हेमराजने मुकाट्याने पहार उचलली.

मग सगळंच हाताबाहेर गेलं. इसरूच्या इन्व्हर्टरला खड्डा झाला. बुधूच्या मिक्सरला झाला. म्हातारी सोमारी तर मोबाइलचा चार्जर घेऊन आली. तो कानाजवळ धरला की आत गुणगुणतं, म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर असणारच, आणि शेजारणीच्या कूलरला खड्डा असताना आपल्या चार्जरला नसावा ही तिला इज्जतीची गोष्ट वाटत होती. हेमराजने अर्धा दिवस तिची मनधरणी केली. शेवटी घागरीएवढा का होईना, खड्डा घेऊनच ती उठली. कोणाकडून मजुरी घ्यायला त्याचं मन धजत नव्हतं, आणि फुकट करतो म्हटल्यावर लोकांचा उत्साह आणखी वाढला. एका खड्ड्यात दुसऱ्याची गाय पडली आणि पंचायतीत विषय गेला तेव्हा सरपंचांनी गायीच्या मालकाला समज दिली, खड्ड्याला कोणी नाव ठेवलं नाही.

पण खरी गंमत पुढे. खड्डा आला की पाणी आलं, आणि पाणी टाकायचीही पद्धत असते हे हेमराजनेच सांगून ठेवलेलं. त्यामुळे गावातल्या प्रत्येक खड्ड्याला पाणी हेमराजनेच घालायचं असं आपोआप ठरलं. तो सकाळी तेल लावून यायचा तो मुखरूच्या अंगणात अडकायचा, तिथून इसरू, तिथून बुधू, तिथून सोमारी. इस्तारीभाऊंच्या घरी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर, शर्टाची इस्त्री गेलेली, केसांचं तेल मानेवर उतरलेलं, आणि रोशनी सोसायटीत निघून गेलेली. स्वतःच्याच खोट्याने त्याला असं पाणक्या करून ठेवलं होतं. तरी तो खूश होता, कारण प्रेमात पडलेल्या माणसाची अक्कल अशा वेळी त्याच्या सोबत नसते.

नसते म्हणजे किती नसते ते पाहा. खड्डा भरल्यावर आठवडाभराने पाइपाला लागून एक कोंब वर आला. दोन जाड हिरवी पानं, मग तिसरं, मग वेल. कोहळ्याचा वेल होता तो. घरामागच्या खऱ्या खड्ड्याजवळ वर्षभरात गवताचं पातं उगवलं नव्हतं. ताराबाईंनी तिथे लावलेली कोथिंबीर मिठाने जळून गेली होती, आणि तेव्हा हेमराजनेच त्यांना कारण समजावलं होतं. आणि आता हाच हेमराज नव्या खड्ड्यातल्या वेलाकडे कौतुकाने पाहत होता. त्याने वेलाला काठी रोवून दिली. वेल काठीला हिरव्या अर्थिंगच्या तारेने बांधून दिला. वेल पडवीच्या कवेलूंच्या छपरावर चढला, त्याला पिवळीजर्द फुलं आली, आणि एक कोहळं धरलं तेव्हा हेमराजने ते रोशनीला बोलावून दाखवलं. तिने कोहळ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मीठ भरपूर टाकलं म्हणून इतकं छान वाढलं असेल, असं म्हणाली. हेमराजने हो म्हटलं.

कैऱ्यांचे दिवस आले आणि एक दिवस सोमारीच्या अंगणात, चार्जरच्या खड्ड्यावर बादली ओतताना, त्याला बातमी कळली. रोशनीला पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा एटापल्लीकडे खाणीवर इलेक्ट्रिकल सुपरवायझर, आपल्याच जातीतला, निर्व्यसनी. सोमारी हे सगळं आनंदाने सांगत होती आणि हेमराज पाणी ओतत होता. बादली रिकामी झाली तरी तो ती वाकडी धरून उभा होता. एटापल्ली म्हणजे जंगलाचं पार दुसरं टोक. तिथे कोणाच्या अंगणात पाणी घालायला जाता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांचे खड्डे तसेच सोडून थेट इस्तारीभाऊंच्या घरी गेला. आज बोलून टाकायचं, वाट्टेल ते होवो. रोशनी अंगणात एकटीच होती. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “उद्या पाहुने येऊन राह्यले. तुम्ही येता का नाई?”

हेमराजने श्वास घेतला. सगळं ओठांवर आलं होतं. आणि त्याच्या तोंडातून निघालं, “येतो ना. खड्ड्याले सुट्टी नसते.”

रोशनी आत गेली आणि दार जरा जोरात लागलं. हेमराजने त्या दिवशी कोहळ्याच्या वेलासमोर उभं राहून स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे देता येणार नाहीत.

पाहुणे आले. मुलगा आदेश, त्याचे वडील गुणवंतराव आणि आई इंदुताई. सूरजागडच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत अडकल्यामुळे आदेश उशिरा पोचला होता आणि आधीच घामाघूम होता. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम म्हटल्यावर अर्धी खैरबोडी काही ना काही मागायच्या निमित्ताने अंगणात जमली होती. रोशनी पोह्यांच्या बशा घेऊन आली. आदेशला तिच्याकडे बघायची इतकी लाज वाटली की त्याची नजर बसायला जागा शोधत पडवीभर फिरली, आणि स्टेबलायझरवर जाऊन बसली. तिथे त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला.

ही दुसरी हिरवी तार कुठे जाते, असं त्याने विचारलं. इस्तारीभाऊंनी अभिमानाने सांगितलं की पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरची ती अलग अर्थिंग आहे. आदेशने पोहे खाली ठेवले. पेटीवरचा शिक्का पाहिला, प्लगच्या पिना पाहिल्या, आणि तारेच्या मागे मागे अंगणात गेला. त्याच्यामागे गुणवंतराव, त्यांच्यामागे भाऊ, त्यांच्यामागे सगळं गाव. तार जाऊन थांबली ती हिरव्यागार पानांच्या ढिगात.

नेमक्या त्याच वेळी हेमराज दोन्ही हातांत बादल्या घेऊन फाटकातून आत आला. सगळे खड्डे संपवून यायला त्याला उशीर झाला होता.

आदेश वेलाजवळ उकिडवा बसला. पानं बाजूला केली. खड्ड्यात मीठ घातलं आहे का, असं त्याने विचारलं. भरपूर, ताराबाईंनी हेमराजच्या वतीने सांगितलं. आदेशने चिमूटभर माती उचलली, दोन बोटांत चोळली, आणि सरळ जिभेवर ठेवली.

“अरे, पोरगी पाहाले आलो का माती खाले आलो?” गुणवंतराव म्हणाले.

आदेशने थुंकून टाकलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त चुकीची अर्थिंग पाहवत नव्हती, जशी काही लोकांना तिरकी टांगलेली तसबीर पाहवत नाही.

“मीठ नाई याच्यात,” तो म्हणाला. “मीठ असतं तं कोहळं आलं नसतं. आन् हा खड्डा लागतच नाई. शिक्क्याच्या पेटीत ट्रान्सफॉर्मर असन, तं पेटीची अर्थिंग तेच त्याची अर्थिंग. कोनं सांगितलं खनाले?”

सगळे बादल्यांकडे पाहायला लागले. मुखरूच्या चेहऱ्यावर त्याचा टीव्ही दिसत होता, बुधूच्या चेहऱ्यावर मिक्सर. म्हाताऱ्या सोमारीने मात्र मग माझ्या चार्जरचं काय, असं विचारलं. कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, आणि सगळं अंगण हसायला लागलं. एकटे इस्तारीभाऊ हसले नाहीत. त्यांनी गावात कोणाला फसवलं नव्हतं आणि त्यांना कोणी फसवलं नव्हतं. ते हेमराजसमोर जाऊन उभे राहिले तेव्हा हसणं एकेक करून थांबलं.

“पेटीले लागत नव्हता,” ते म्हणाले, “तं खड्डा कोनासाठी खनला?”

हेमराजने बादल्या खाली ठेवल्या. पळून जावं असं त्याला फार वाटलं. पण फाटकात गाव उभं होतं, आणि दारात रोशनी उभी होती, आणि ती त्याच्याकडेच पाहत होती.

“माह्यासाठी,” तो म्हणाला. “काम संपलं होतं, भाऊ. मले रोज याले पायजे होतं. रोशनीले पाहाले.”

गुणवंतराव चपला शोधू लागले. इस्तारीभाऊंच्या कपाळावरची शीर उडताना दिसत होती. तेव्हा रोशनी पायरी उतरून खाली आली आणि बापाच्या बाजूला येऊन उभी राहिली.

“बाबा, मले माहीत होतं,” ती म्हणाली. “मिठाची थैली गाडीवरच राह्यली होती, मी पाह्यली. म्हनून कोहळ्याचं बी मीच टाकलं खड्ड्यात. मीठ असतं तं उगवलं नसतं. उगवलं तवाच समजलं का हा पानी टाकाले येत नाई.” मग ती हेमराजकडे वळली. “वेल कवेलूवर गेला, कोहळं धरलं, तरी तुमच्या तोंडातून एक शब्द निघाला नाई. मंग मी माय-बाबाले म्हटलं, पाहुने बलवा.”

हेमराजचं तोंड उघडंच राहिलं. दोन महिने आपण गावाला हातोहात फसवतोय असं त्याला वाटत होतं, आणि ही पोरगी पहिल्या आठवड्यापासून सगळं जाणून रोज शांतपणे चहा आणून देत होती. त्याला एकदम इतका आनंद झाला की त्याने वेलाची काठी घट्ट धरली.

आदेश दरम्यान घरामागे जाऊन आला होता. मीटरजवळची अर्थिंग त्याने पाहून घेतली होती, उघडीबोडकी जमीन पाहून त्याचं समाधान झालं होतं. तो हात पुसत इस्तारीभाऊंना म्हणाला, “घराची अर्थिंग एक नंबर आहे, काका. हा मानूस खोटं बोलला, पन काम खोटं करत नाई.” आणि आईच्या कानाशी लागून त्याने सांगितलं की मुलगी चांगली आहे, पण तिचं कनेक्शन आधीच झालेलं आहे. इंदुताईंनी नवऱ्याच्या हातातल्या चपला काढून घेतल्या. आतून मरळीच्या रश्श्याचा वास येत होता, आणि तो वास सोडून उपाशी जाण्याइतका अपमान कोणाचाच झाला नव्हता.

हेमराजने फावडं उचललं. खड्डा बुजवून टाकतो, गावातले सगळेच बुजवून टाकतो, असं तो खाली मान घालून म्हणाला.

“गावातले बुजव,” भाऊ म्हणाले. “हा राहू दे. वेल आहे त्याच्यावर.”

हेमराजने मान वर केली. भाऊंनी वेलावरचं कोहळं हातात तोलून पाहिलं, मग सोडलं.

“आन् रोज पानी टाकाले येनं बंद. उद्या मायले आन् बापाले घेऊन ये.”

हेमराज हो म्हणाला, नमस्कार केला, पाठीमागे सरकत फाटकाबाहेर पडला आणि आपल्या गावाच्या दिशेने धावत सुटला. पाळीवर पोचल्यावर त्याला आठवलं की मोटारसायकल मागेच राहिली आहे. ती आणायला परत जायची हिंमत त्याला झाली नाही, तो तसाच पायी घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो आईबापाला घेऊन आला. रिकाम्या हातांनी कसं जायचं म्हणून त्याच्या आईने लोणच्याची बरणी घेतली होती, यंदाच्या पहिल्या कैऱ्यांची. ताराबाईंनी कोहळ्याची भाजी केली होती. बोलणी व्हायच्या आधी सगळे जेवायला बसले. इस्तारीभाऊंनी लोणच्याची फोड तोंडात टाकली, डोळे बारीक केले, आणि लोणचं झकास आहे, पण मीठ जरा जास्त पडलं आहे, असं विहिणीला सांगितलं.

हेमराजच्या आईला काहीच ठाऊक नव्हतं. ती कौतुकाने म्हणाली, “पडलं खरं. हेमराजनं फागुनात थैलीभर आनलं होतं, इथूनच घरी आला होता त्या दिवशी. एवढं कायले आनलं होतं, विचारलं नाई मी.”

हेमराज ताटात तोंड खुपसून बसला. रोशनी वाढता वाढता आत पळाली आणि आतून तिचं हसू ऐकू येत राहिलं. इस्तारीभाऊ बराच वेळ ती फोड चघळत बसले. मग त्यांनी बरणी स्वतःकडे ओढली आणि दुसरी फोड घेतली.